नेउमला उतरवलेला माणूस

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या त्या गटात पॉटलकची, म्हणजे जेवणाला कुणी घरून काय आणायचं त्याची, यादी आसावरी करायची, आणि श्रीरामच्या नावापुढे गेली चार वर्षं एकच नोंद असायची : बर्फ आणि कागदी प्लेट्स. त्याची बायको सरला होती तेव्हा त्यांच्या घराकडून भरली वांगी मागितली जायची. सरला गेली, वांगी गेली, श्रीराम तेवढा उरला. गट मुळात तिचा. हा तिच्यामागून यायचा, यजमानांच्या कपाटातलं एखादं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचा, तिनं हाक मारली की उठायचा. आता हाक मारणारं कुणी नव्हतं, तरी तो येत राहिला. अख्ख्या गावात त्याला बेल वाजवता येईल अशी ही तीनच घरं होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी तो बर्फाच्या दोन पिशव्या सांभाळत सुशांतच्या बेसमेंटमध्ये उतरला, तेव्हा प्रोजेक्टर लागलेला होता. जूनमधल्या बाल्कन ट्रिपचे फोटो बघायचे आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानला कोण कोण जाणार ते ठरवायचं, असा बेत होता. आपल्याला नेतील की नाही, हाच विचार श्रीराम आठवडाभर करत होता.

त्याला कारण होतं. जूनमध्ये सहा जण निघाले होते : सुशांत आणि आसावरी, ऋषी आणि नीना, एकटी राहणारी प्रतिमा, आणि तो. भाड्याची व्हॅन, सुशांतचं अंगावर काटा आणणारं ड्रायव्हिंग, डोंगरातले कच्चे रस्ते. क्रोएशियाचा किनारा नेउम नावाच्या गावापाशी तुटतो. मध्ये काही मैल बोस्निया लागतो आणि मग पुन्हा क्रोएशिया सुरू होतो. पाच जणांकडे अमेरिकन पासपोर्ट. श्रीरामचा तेवढा भारतीय, आणि त्यावर क्रोएशियाचा एकदाच आत जायचा व्हिसा. तो पहिल्या प्रवेशात संपलेला. नेउमपलीकडे क्रोएशियात परत शिरायच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट मिटून परत दिला. सुशांतनं व्हॅन वळवली, नेउमच्या एका हॉटेलपाशी श्रीरामची बॅग उतरवली आणि म्हणाला, "क्रोएशिया टाळून डोंगरातून दुसरा रस्ता आहे म्हणतोस ना? आम्ही चौकशी करतो आणि फोन करतो. तू इथेच थांब."

श्रीराम थांबला. फोन आला तिसऱ्या दिवशी, आसावरीचा. ती हुंदके देत होती. ते फार पुढे निघून गेले होते, आता परत फिरणं शक्य नव्हतं, व्हिसाचं असं काही होईल हे कुणाला माहीत होतं! श्रीरामनंच तिची समजूत घातली, आणि साराजेव्होहून विमान पकडून तो एकटा घरी आला.

पडद्यावर आता नेउमच्या पुढचं डुब्रॉव्हनिक आलं होतं. लाल कौलं, खाली निळाशार समुद्र.

"ही बाल्कनी बघा!" आसावरी म्हणाली. "फेब्रुवारीपासून त्या मालकिणीच्या मागे लागले होते. दहा इमेल केल्या. सीझनमध्ये पाच जणांचं अपार्टमेंट, तेही सी-व्ह्यू, मिळणं म्हणजे..."

ती थांबली.

"पाच जणांचं?" श्रीरामनं विचारलं. "फेब्रुवारीत?"

"ओ गॉड," नीना पुटपुटली.

"बैस, यार," सुशांत म्हणाला. "कधीतरी कळणारच होतं. आधीच्या ट्रिपला, क्वीबेकला, काय केलं होतंस, आठवतं? प्रत्येक दगडापाशी उभं करून इतिहास वाचून दाखवलास. बसमध्येसुद्धा सोडलं नाहीस. प्रतिमा म्हणाली, हा येणार असेल तर मी नाही."

"माझ्यावर नको हं टाकूस," प्रतिमा म्हणाली. "सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

"मग नाही म्हणायचंत मला."

"सरलाच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं?" प्रतिमा म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

श्रीराम आसावरीकडे वळला. व्हिसाचे फॉर्म तिनंच भरून दिले होते. "मी तुला विचारलं होतं, सिंगल एन्ट्री पुरेल का. तू हो म्हणालीस."

"मी नकाशा बघितला होता," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, तूही बघशील. एवढा वाचतोस."

त्यानं निघण्यापूर्वी त्या मुलखाचा चारशे वर्षांचा इतिहास वाचला होता.

"आणि फोनवर रडलीस ते?"

"हसत होती ती, प्रोफेसर!" ऋषीला आता राहवेना. "फोनवर हात धरून हसत होती. तुला हुंदके वाटले!"

आधी नीनाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. आसावरीनं ओढणीत तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते.

श्रीरामनं जिन्याकडे पाहिलं. सात पायऱ्या, वर दार, बाहेर त्याची गाडी. नंतर घर, आणि उरलेला रविवार, आणि त्यानंतरचे सगळे रविवार. तो जागचा हलला नाही.

"मी तिथे काय केलं, ते माहितेय का तुम्हाला?" तो म्हणाला. "फोन येईल म्हणून दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. आंघोळीलासुद्धा दार उघडं ठेवून. सफाईवाल्या बाईनं नको ते बघितलं."

ऋषीनं मांडीवर थाप मारली.

"तिला वाटलं, माणूस आजारी आहे. तिनं सूप आणून दिलं. मटणाचं! मी ते बेसिनमध्ये ओतलं, बेसिन तुंबलं. ती डॉक्टरला घेऊन आली. त्यानं मला आ करायला लावलं आणि बेसिनकडे बोट दाखवून विचारलं, एवढी उलटी?"

हसून हसून सुशांतच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजवर या बेसमेंटमध्ये श्रीरामचं एक वाक्यही कुणी मध्ये न तोडता ऐकलं नव्हतं. आता पाचही जण त्याच्याकडे तोंड करून बसले होते. क्वीबेकमध्ये त्यानं याच्याहून किती चांगल्या गोष्टी सांगितल्या होत्या!

"हा माणूस तुर्कस्तानला पाहिजेच," सुशांत म्हणाला. "आसावरी, लिही याचं नाव."

आसावरीनं लिहिलं.

"मग पुढे?" प्रतिमानं विचारलं. "पुढे काय झालं?"

पुढे काहीच झालं नव्हतं. श्रीरामजवळचं सगळं खरं सांगून संपलं होतं. पण ते वाट बघत होते.

"पुढे मी रडलो," तो म्हणाला. तो रडला नव्हता.

"कसा?" प्रतिमा पुढे सरकली. "करून दाखव ना."

"प्लीज, प्रोफेसर," ऋषी म्हणाला. "थांब, कॅमेरा घेतो."

ऋषीचा कॅमेरा सुरू होईपर्यंत श्रीराम थांबला. मग त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि करून दाखवलं.