डावीकडून

ताईने पेन्सिलीने तीन लिहिले, त्याभोवती चौकोन काढला आणि वही धाकट्या बहिणीपुढे सरकवली.

"चूक."

"चूक कशी? एक्सच्या जागी दोन घातले, खालच्या ओळीतून तीन आले."

"लिमिट तीन नाही. इथे लिमिटच नाही."

ताईने चष्मा काढून पुसला. "मघाच्या गणितात दोन घातले तर शून्य भागिले शून्य. तिथे म्हणालीस, उत्तर चार. जिथे काहीच नाही तिथे चार, आणि इथे धडधडीत तीन आहेत तर नाही? कॉलेजात हाच उलटा न्याय शिकवतेस?"

धाकटीला हसू आले, पण तिने ते ओठातच ठेवले. "दोनवर काय आहे ते विचारलेलंच नाही, ताई. दोनच्या जवळ जाताना कुठे पोचतोय, ते विचारलंय. उजवीकडून तीनला पोचलीस. डावीकडून?"

"डावीकडून कोण येतं?"

बावीस वर्षे ताई कारखान्यात लेथ मशीनवर उभी होती. जाड जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, घ्यायचा, कापत कापत मापाला आणायचा. येणे नेहमी मोठ्या बाजूने. केसभर जास्त कापले की जॉब भंगारात.

"बारीक झालेला जॉब पुन्हा वाढत नाही गं," ती म्हणाली.

आता गुडघ्यांनी हात टेकले होते. बसून तपासणी करायच्या जागेसाठी सोमवारी परीक्षा होती. तिसरी आणि शेवटची संधी. नाहीतर घरी बसायचे. आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिले, यावरून दोघी दोन वर्षे बोलत नव्हत्या. "तिला गरज असेल तर येईल," असे ताई सगळ्यांना सांगायची. आज ताईच धाकटीच्या घरी आली होती, वही घेऊन.

"एक पॉइंट नऊ घाल. मग एक पॉइंट नव्व्याण्णव. दोनपेक्षा लहान आकड्यांना वरची ओळ वापरायची, एक्स अधिक तीन."

जाडी मोजायचा मायक्रोमीटर फिरवावा तशी ताईने पेन्सिल फिरवली. चार पॉइंट नऊ. चार पॉइंट नव्व्याण्णव.

"हे तर पाचकडे चाललंय."

"मग?"

"एक पाचला, एक तीनला. मग हे भेटणार कधी?"

धाकटीने खोडरबर घेतला आणि चौकोनातले तीन हळूहळू पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"उद्या मी येते तुझ्याकडे," ती म्हणाली.

"गणितं राहिलीत म्हणून?"

धाकटीने वहीवरची रबराची भुकटी तळहाताने गोळा केली. ताई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. मग पेन्सिलीला टोक करू लागली.

"दुपारी ये," ती म्हणाली. "सकाळी मी नसते."