आधी तेरवी, मग मामा

"हे गाणं माझ्या चित्रपटात नव्हतं," दिग्दर्शकसाहेब म्हणाले.

"हाव जी, पोरीनं नवं टाकलं," बाबाराव म्हणाले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. गाण्याचं त्यांना काही नव्हतं. गाणी हजार टाका. त्यांचा जीव अडकला होता तो अजून अर्ध्या तासावर असलेल्या तेरवीच्या प्रवेशात.

रंगमंदिर गच्च भरलं होतं. रामटेकहून, उमरेडहून माणसं एसटीनं आली होती. 'मामा गेला कुठं' या एकोणीस वर्षांपूर्वीच्या विनोदी चित्रपटाचं बाबारावांच्या जयानं संगीत नाटक केलं होतं. वीज मंडळात कारकुनी करता करता लिहिलं, चाली बांधल्या, माणसं जमवली. मूळ दिग्दर्शकांनी पुण्याहून पोस्टकार्डावर परवानगी दिली आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्वतःच हजर झाले. लेखिकेचे वडील म्हणून बाबारावांना त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. फाशीच्या कैद्यालाही एवढी पुढची जागा मिळत नसेल.

"पुण्यात तीन दिवस चालला," साहेब सांगत होते. "चौथ्या दिवशी थिएटरचा मॅनेजर माझ्यासमोर रडला. आणि इथे?"

"एकतीस हप्ते."

"एकतीस आठवडे! मला आजवर कळलेलं नाही, नागपूरकरांना त्यात काय दिसलं."

काय दिसलं, ते बाबारावांना ठाऊक होतं. त्यांच्या डाव्या बाजूला बसलेल्या त्यांच्या बायकोला, चंद्रकलाबाईंनाही ठाऊक होतं. जगात आणखी कोणालाही ते माहीत नाही, अशी बाबारावांची समजूत होती.

बाबाराव पराते चंद्रप्रभा टॉकीजचे ऑपरेटर. बाप हातमागावरचा, तुटलेला धागा असा जोडायचा की लुगडं नेसणारीलाही पत्ता लागू नये. तोच हात मुलाला मिळाला. फिल्म तुटली तर बाबाराव ती जोडायचे आणि खालच्या प्रेक्षकाला शिटी वाजवायलाही वेळ मिळायचा नाही. चौतीस वर्षांत चूक एकदाच झाली. पासष्ट साली, 'मामा'च्या पहिल्याच खेळाला. मशीनच्या दिव्यातला जळका कार्बन सरकवताना त्यांनी आठव्या रिळानंतर हाताला येईल तो डबा उघडला आणि दहावं रीळ लावलं.

मूळ गोष्ट सरळ होती. नवव्या रिळात मामा पोटभर जेवून विहिरीत पडतो. दहाव्यात घरचे त्याची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, घालतात. अकराव्यात मामा ओल्या धोतरानं दारात उभा. नागपुरात मात्र आधी तेरवी झाली, घरदार ओक्साबोक्शी रडलं, आणि लगेच मामा आतून येऊन म्हणाला, "भूक लागली गा, काय केलं आज?"

टॉकीज हसून हसून खुर्च्यांखाली गेली. त्यात आणखी एक गोष्ट परस्पर जुळून आली. तेरा दिवसांनंतर मामा ओला कसा, असं पुण्यातले टीकाकार विचारत होते. नागपुरात तो विहिरीत पडायचा आणि पुढच्याच क्षणी ओलाचिंब दारात यायचा. इथं कोणाला शंका राहिली नाही.

बाबाराव प्रामाणिक माणूस. दुसऱ्या खेळाला त्यांनी रिळं बरोबर लावली. लोक झोपले. तिसऱ्या खेळाला त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा आधी दहावं लावलं. पहिल्यांदा ती चूक होती. आता ते डोकं होतं. मग केबिनच्या भिंतीवर खडूनं ओळच लिहिली: ८, १०, ९, ११. प्रिंट पुढं उमरेड, भिवापूर, नरखेडला गेली तेव्हा डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'नववे रीळ दहाव्यानंतर लावणे. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, हे अख्ख्या विदर्भात कोणी विचारलं नाही.

बापाच्या जेवणाचा डबा घेऊन केबिनमध्ये येणारी पाच वर्षांची जया त्या भिंतीवर आकडे शिकली. शाळेत तिनं आठ, दहा, नऊ, अकरा म्हटलं आणि बाईंनी बापाला बोलावून घेतलं. बाबाराव म्हणाले, "आमच्या घरी असंच आहे." बाईंनी कोष्ट्यांचा काही रिवाज असेल म्हणून सोडून दिलं.

ऑपरेटरचा परवाना जाईल, या भीतीत त्यांची नोकरी सरली. आता परवान्याचं भय नव्हतं. पण साहेब उभे राहून 'हे चुकीचं आहे' म्हणाले, तर हजार माणसांसमोर मान जयाची खाली जाणार होती, आणि पाप बापाचं. महिनाभर आधी त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता.

"काय वं जया, ते तेरवी जराशी मांगं नाही का घेता येत?"

"काहून बाबा?"

काहून ते सांगता येईना. "असंच."

"तेरवी मांगं घेतली तं नागपूरचे लोक गोटे मारतीन मले."

विषय संपला.

रंगमंचावर अंधार झाला. त्याआधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक दिवा दोनदा लुकलुकला. प्रत्येक प्रवेश संपताना तो तसाच लुकलुकत होता. होल्डर ढिला असावा, असं बाबारावांनी मनाशी म्हटलं. उजेड आला तेव्हा पंगत मांडलेली होती आणि ढोलकीवर घरचे छाती पिटत होते:

"मामा गेला हो, मामा गेला!"

"कवा गेला?"

"जाईन उद्याले!"

दुसऱ्या खेपेला 'जाईन उद्याले' सगळं सभागृह म्हणालं.

"थांबा," साहेब पुटपुटले. "हा अजून मेलाच नाही. अहो, तेरवी आधी कशी?"

बाबारावांनी समोर पाहिलं. चंद्रकलाबाईंनी पदराखाली हात जोडले.

"काहून जी," त्या हळूच म्हणाल्या, "पानी आणू का त्यायले?"

"बस गुमान."

आतून मामा आला. पोटावर हात फिरवला, तोंड उघडलं. त्याला बोलायची गरजच पडली नाही. हजार माणसं एका आवाजात म्हणाली, "भूक लागली गा, काय केलं आज?"

साहेबांच्या घशातून घरघर आली. बाबाराव घाबरून वळले. साहेब हसत होते. स्वतःच्या चित्रपटाला ते एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हसत होते. मामा विहिरीत पडला आणि लगेच ओला होऊन दारात आला, तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून मांडीत पडला आणि त्यांनी बाबारावांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"ओला," ते म्हणाले. "अहो, म्हणून ओला!"

मध्यंतरात भाषणाला उभे राहिले तोवर ते सावरले होते. "रसिकहो, माझ्या मनातला मूळ क्रम हाच होता. मुंबईच्या लोकांनी तो बिघडवला. जयाताईंनी माझ्या मनातलं ओळखलं."

टाळ्या थांबेनात. जया हात जोडून मधोमध उभी होती.

"आता वं माय," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "केवढा खोटा माणूस."

"राहू दे. मामा त्यायचाच आहे."

साहेब परत येऊन बसले. तेरवीच्या गाण्याला वन्समोअर मिळाला होता, म्हणून पडदा उघडताच तेच पुन्हा सुरू झालं. गरम होत होतं म्हणून त्यांनी नाटकाचं पत्रक वारा घ्यायला काढलं आणि मध्येच थांबले.

"कथा, माझी. गीतं आणि संगीत, जया पराते. आणि हे काय? प्रवेशांचा क्रम, बाबाराव पराते. हे कोण?"

बाबारावांनी पत्रक वाचलं नव्हतं. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं. विंगेत जया उभी राहून त्यांच्याचकडे बघत होती. लहानपणी केबिनच्या झरोक्यातून पडदा बघायची, तशी.

"असन कोणी," ते म्हणाले. "पराते आमच्याकडं गल्लोगल्ली."

गाणं संपत आलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात दिवा लुकलुकला.

होल्डर ढिला नव्हता. रीळ संपताना पडद्याच्या त्याच कोपऱ्यात पांढरा ठिपका येतो. तो प्रेक्षकाला दिसत नाही, आणि ऑपरेटरला दुसरं काही दिसत नाही. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला दांडा ओढून पुढचं रीळ पडद्यावर आणायचं. दिवा पुन्हा लुकलुकला. बाबारावांचा उजवा हात आपोआप उठला, हवेतला दांडा खाली ओढून खुर्चीवर टेकला. त्याच क्षणी रंगमंचावरचा प्रवेश बदलला.

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. चित्रपटातलाच माणूस, ऑपरेटरचा हात त्यांनी ओळखला. मग पत्रकाची घडी सरळ केली, बाबारावांच्या गुडघ्यावर ठेवली आणि खिशातून पेन काढून टोपण उघडलं.

"सही द्या," ते म्हणाले.

मस्टर आणि पगाराचं रजिस्टर सोडून बाबारावांनी आजवर कुठं सही केली नव्हती. त्यांनी पेन धरलं, शाई उतरते का ते अंगठ्याच्या नखावर पाहिलं, आणि सावकाश सही केली. आधी पराते, मग बाबाराव.