बोर्डातली पिन

"पिन कुणी काढली?" सुतार ओरडला.

शेजारचा रेडिओ मघापासून बोलत होता. म्हणजे लाईट येऊन बराच वेळ झाला होता, आणि हा मात्र मुकं मशीन हातात धरून छपराखाली उभा. दाराजवळच्या बोर्डापाशी सुतारीण बसली होती. वायरीची पिन तिच्या मांडीवर होती.

"मीच काढली. लाईट गेली तेव्हा काढली. रोजच काढते."

"आणि आली तेव्हा लावायची कुणी? शेजाऱ्यांनी?"

बाकड्यावर बसलेला लगबग्या खो-खो हसला. "दादा, वहिनींनी लाईटच पदरात बांधून ठेवली की! आम्ही उगाच वायरमनला शिव्या घालतोय."

लगबग्याचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय चपलेत असायचा. आज त्याच्या घाईला कारण मात्र होतं. पाऊस उघडून ऊन पडलं होतं आणि रानाला वाफसा आला होता. माती मुठीत दाबली तर गोळा व्हायची, टाकली तर फुटायची. असा वाफसा म्हणजे उंबऱ्यावरचा पाहुणा. बस म्हणेपर्यंत निघून जातो. सगळं गाव पेरत होतं आणि लगबग्याच्या पेरायच्या पाभरीचा दांडा नेमका काल मोडला होता.

सुताराचं कटर मशीन चांगलं होतं, पण ते त्यानं आपल्या सोयीचं करून घेतलं होतं. पात्यावरची पत्र्याची टोपी जाड लाकडाला आड येते, म्हणून ती खुंटीला टांगली. खटका दाबून दाबून बोट आखडतं, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून खटका कायमचा आवळून टाकला. बोर्डाचं बटण तर कधीच मोडलेलं. त्यामुळे पिन घातली की मशीन चालू, उपसली की बंद. मध्ये दुसरा काही अडसर नाही.

लाकडाचं दुसरं टोक धरायला सुतारीण असायची. लाईट गेली की ती टोक खाली ठेवायची, उठायची आणि पिन उपसायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बांधलेल्या खटक्यावर तिचा भरवसा नव्हता, एवढंच. सुतार चेष्टा करायचा, "मेलेला साप आहे तो. त्याला कशाला ठेचतेस?" ती म्हणायची, "मेलाय का झोपलाय, ते तुम्हाला काय ठाऊक?"

पण आजची चेष्टा चारचौघांत झाली होती. सुताराचे कान तापले.

"पुन्हा त्या पिनीला हात लावलास तर बघ," तो म्हणाला. "गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि हिचं आपलं शास्त्र!"

सुतारणीनं पिन बोर्डात खुपसली. मशीन किंचाळत जागं झालं.

"नाही लावायची," ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "आजपासून माझा हात नाही त्या पिनीला. तुमचं मशीन आणि तुम्ही."

"बरं झालं. सुटलो!"

काम सुरू झालं. बाभळीचा भुसा उडून तिघांच्याही डोक्यावर बसला. दांडा निम्मा कापून झाला, आणि मशीन कण्हत कण्हत थांबलं. रेडिओही गप्प झाला.

"गेली पुन्हा!" लगबग्यानं कपाळावर हात मारला. "माझं रान वाळतंय हो, दादा."

"लाकडातली गाठ लागली, तशात लाईटही गेली. पात्यात ढलपी अडकलीय. ती काढतो तोवर येईल."

सुतार खाली बसला. मशीन त्यानं मांडीवर उताणं घेतलं आणि पात्याच्या दातांत बोटं घातली.

सुतारीण बोर्डापासून हातभर अंतरावर होती. पिन तिला दिसत होती. तिचा हात सवयीनं उचललाही गेला होता. तो तिनं परत गुडघ्यावर ठेवला. 'अहो, पिन,' एवढे दोन शब्द ओठांवर आले होते. लगबग्याचं मघाचं हसू तिला आठवलं आणि तिनं ते दातांत धरले.

"निघतेय बघ," सुतार म्हणाला.

रेडिओ मध्येच बोलायला लागला.

मशीन मांडीवरून उडालं, भुशात पडलं आणि जमीन खरवडत गोल फिरू लागलं. सुतारणीनं पिन उपसली. तेव्हा सुतार आपल्या हाताकडे नुसता बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो ओरडला. लगबग्यानं डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं, ते बघता बघता भिजलं. त्यानं आपलं उपरणं बांधलं, दवाखान्यासाठी गाडी जुंपली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची घाई कुणाच्या कामी आली.

उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली.

गावानं आपल्या परीनं निवाडा केला. कुणी म्हणालं, लाईट अवेळी आली. कुणी वायरमनला बोल लावला. बरेच जण नशिबावर येऊन थांबले, कारण नशीब उलटून बोलत नाही. ट्यूबच्या पट्टीचं नाव कुणी काढलं नाही. लगबग्याचा वाफसा निघून गेला, रान अर्धं पडीक राहिलं. पण त्याबद्दल तो सुताराच्या दारात कधी बोलायला आला नाही.

सुतारीण हाताची पट्टी बदलायची, घास भरवायची. तो कधी विचारतो याची वाट बघायची. शेवटी एका दुपारी त्यानं विचारलंच.

"तू पिन का नाही काढलीस गं?"

"तुम्ही नको म्हणालात."



"आजवर माझा एक शब्द ऐकला नाहीस," तो म्हणाला, "आणि नेमका तोच ऐकलास?"

हसावं की रडावं, तिला कळेना. ती उठून छपरात गेली. भुसा तसाच होता, काही ठिकाणी काळा पडून घट्ट झालेला. तिनं खटक्यावरची ती ट्यूबची पट्टी विळीवर चरचर कापली. बोर्ड उचकटून नवं बटण बसवायला वायरमनला निरोप धाडला. खुंटीवरची टोपी काढली, तिच्यात कोळ्यानं घर केलं होतं. ते पुसलं आणि टोपी पात्यावर बसवली. पहिल्या दिवशी तिनं कापलेलं लाकूड वाकडं गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. सुतार दारातून ओरडत राहिला, "रेघ बघ, रेघ! पातं नको बघू!" आणि ती ओरडत राहिली, "मी दोन्ही बघणार!"

पुढच्या पेरणीला लगबग्या आला. बाकड्यावर बसला, एक पाय चपलेत. मशीन सुतारणीच्या हातात होतं, आणि बोर्डापाशी, तिच्या जुन्या जागी सुतार बसला होता. दांडा निम्मा झाला आणि लाईट गेली.

सुतार उठला. बटण बंद केलं, डाव्या हातानं पिन उपसली आणि मुठीत धरून बसला.

सुतारणीनं मशीन उताणं केलं, ढलपी काढली. तेवढ्यात शेजारचा रेडिओ बोलू लागला.

"आली, आली!" लगबग्या उठून उभा राहिला. "लावा की दादा, रान वाळतंय माझं!"

सुतारणीनं पातं पुसलं. टोपी हलवून बघितली. तिला घाई नव्हती.

"अहो, लावा ना! एवढं कशाला–"

सुतारानं उजवा हात वर केला. दोन बोटांचा, खेकड्याच्या नांगीसारखा. 

लगबग्या खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं चपलेतला पायही बाहेर काढला.

सुतारणीनं मशीन लाकडावर टेकवलं, दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि सुताराकडे बघून मान डोलावली.