उतरलेल्या द्राक्षांचा वास

नवऱ्याचं तोंड हुंगायची वेळ कुठल्याही बाईवर येऊ नये. माझ्यावर आली होती. रोज दुपारी हे सेकंड शिफ्टला निघाले की मी यांना म्हणायचे, "हा करा." आणि हे शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून 'हा' करायचे.

एकोणऐंशी साली यांनी विहारात पंचशील घेऊन दारू सोडली. त्याआधी मी काय काय सोसलं ते सांगत बसत नाही. पुढची चार वर्षं सुखाची गेली. आणि यंदा दिवाळीनंतर यांच्या तोंडाला परत वास सुटला. आंबूस, गोडसर, पेटीतच उतरलेल्या द्राक्षांसारखा.

"कुठं जाता प्यायला?" मी विचारलं.

"सुला, थेंबाला शिवलो नाही. बाबासाहेबांची शपथ."

"त्यांना मध्ये आणू नका."

सगळी लक्षणं माझ्या ओळखीची होती. घसा सारखा कोरडा, तांब्यावर तांब्या पाणी, अंग वाळून सदरा लोंबायला लागलेला. माझी खात्रीच पटली.

हे सातपूरच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. गेटवर रावजी वॉचमन प्रत्येकाचं तोंड हुंगून मगच आत सोडायचा. यांना एकदा ताकीद मिळाली होती. दुसऱ्यांदा वास आला की नोकरी जाणार होती. म्हणून लाज गिळून मीच वास लपवायला लागले. पदराच्या गाठीत बडीशेप आणि खडीसाखर बांधून गेटपर्यंत सोबत चालायचे, आणि थोड्या थोड्या वेळानं खडा यांच्या तोंडात कोंबायचे. घरी तहान लागली की लोटाभर गुळाचं सरबत द्यायचे. त्यानं नशा उतरते, असं शेजारणीनं सांगितलं होतं.

त्या दिवशी हे चालताना दोनदा थांबले. गेटवर रावजीनं नाक पुढं केलं आणि तोंड वाकडं करून मागं सरला.

"सहादू, आज तर लयच मारली राव."

"नाही रे. हिला विचार. सुला, तू तरी सांग याला."

अख्खी शिफ्ट बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला काय विचारता?" मी म्हणाले. "वास येतोय ना त्यांना?"

यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तिथंच खाली बसले आणि भडाभडा ओकले. मागून कोणीतरी हसलं.

"न्या वहिनी घरी," रावजी म्हणाला. "झोपू द्या. उतरल."

दोघांनी उचलून यांना आमच्या वस्तीतल्या निसारच्या रिक्षात घातलं. यांचा श्वास धाप लागल्यासारखा खोल खोल चालला होता. मी रागानं तोंड फिरवून बसले होते. जरा पुढं गेल्यावर निसारनं वळून पाहिलं.

"भाभी, ही दारू नाय."

"तुला काय कळतं?"

"माझ्या अब्बांच्या तोंडाला हाच वास यायचा. साखर होती त्यांना. आम्हीबी झोपू दिलं होतं."

"मग?"

"उठलेच नाय."

आणि मला न विचारताच त्यानं रिक्षा नसीम डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडे वळवली.

बाईंनी यांच्या तोंडाशी नाक नेलं. त्या मागं सरल्या नाहीत. त्यांनी लघवी तपासायला घेतली, निळ्या औषधात थेंब टाकले आणि काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"दारू नाही ही. रक्तात साखर अतोनात वाढलीय, त्यानं अंगात विष साठलंय. त्याचाच हा वास आहे." त्यांनी घाईघाईनं सुई टोचली, चिठ्ठी खरडली. "आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. खाण्यात गोड काही होतं का?"

मी पदराची गाठ सोडली. मूठभर खडीसाखर टेबलावर सांडली.

"मी दिली," मी म्हणाले. "रोज दिली. माझ्या हातानं."

बाईंनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "रडायचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी निघा. आणि श्वासाकडे लक्ष ठेवा."

रिक्षा त्र्यंबक रोडनं सुसाट निघाली. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटलेले, हाक मारली तरी ओ नाही. ज्या माणसानं चार वर्षं शब्द पाळला, त्याला मी चारचौघांत दारुडा ठरवला होता. आता त्याची माफी मागायला तरी हे जागे व्हायला हवे होते. एका खड्ड्यात रिक्षा आदळली आणि यांची छाती हलताना मला दिसेना. मी वाकले, नाक यांच्या ओठांशी नेलं.

"अहो," मी म्हणाले, "हा करा. एकदाच हा करा."

बराच वेळ काहीच नाही. मग आला, तोच उतरलेल्या द्राक्षांचा वास. मी तो छाती भरून घेतला आणि पुढच्या श्वासाची वाट बघत तशीच वाकून राहिले.