लाल फुलीचा टीव्ही गेम

मी एक जुना टीव्ही गेम आहे, मित्रांनो. पण तुमच्या काका-मामांनी लहानपणी खेळले, त्यातला नव्हे. ते सगळे प्लॅस्टिकचे, हलकेफुलके, वायरीला वेगळा अडॅप्टर लोंबणारे. मी पत्र्याचा आहे. मला उचलायला दोन हात लागतात, माझ्या अंगाला हवेसाठी चिरा आहेत आणि वीज थेट माझ्या पोटात येते. माझ्यासारखे अकराच झाले. ही बढाई नाही, हं. माझी हकिकत ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल की अकरावा झालाच नसता तर बरं होतं. तो अकरावा मीच.

१९९८ साली पुण्याजवळ, मुळशी तालुक्यातल्या घोटावड्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे खरं तर व्होल्टेजचे स्टॅबिलायझर बनत. मालक बंडोपंतांनी दिवाळीच्या तोंडावर टीव्ही गेम बनवायचं मनावर घेतलं. आतली सर्किटं मुंबईहून आली, पण प्लॅस्टिकची खोकी काही वेळेत येईनात. बंडोपंत थांबणाऱ्यातले नव्हते. स्टॅबिलायझरचे रिकामे डबे कोपऱ्यात पडून होते. त्यातच त्यांनी आम्हाला ट्रान्सफॉर्मरसकट कोंबलं.

तपासणीला भरे गावची कल्पना होती, विशीतली, बोलायला फटकळ. ती प्रत्येक डब्याला टेस्टर लावून बघायची. दहा डब्यांवर टेस्टरचा दिवा लागला नाही. माझ्यावर तो लागला, विझला, पुन्हा लागला. वायर आत येते त्या भोकाची कड धारदार होती आणि तिथे रबर बसवायचं राहून गेलं होतं. पत्रा वायरीला आतल्या आत कापत होता. कल्पनानं मला उलटं केलं आणि बुडावर लाल रंगानं मोठी फुली मारली.

"मालक, ह्याच्या पत्र्यात करंट उतरतोय. ह्यो बाजूला ठेवा."

"अगं, तीन पिनांची वायर आहे ना? उतरला तर मोठ्या पिनेतून जाईल जमिनीत. दुकानदार दारात उभा आहे. दे पॅक करून."

"एकांदं पोर मरंल, मालक."

"सणाच्या तोंडावर अभद्र बोलू नकोस."

कल्पनानं मला फडक्यात धरून, पत्र्याला बोट न लावता खोक्यात घातलं. मी जन्माला येऊन एक दिवसही झाला नव्हता आणि माझी भीती बाळगणारं एक माणूस जगात तयार झालं होतं.

पौडच्या दुकानातून धनाजीनं मला माले गावी आपल्या घरी आणलं. मेंढरं राखणारं घर. धनाजीची लेक सोनिया आठ वर्षांची. तिच्यासाठी ही खरेदी. घरातल्या बोर्डाला दोनच भोकं होती, माझ्या वायरीला पिना तीन. धनाजीनं पक्कड घेतली आणि मोठी पिन मोडून टाकली. मुळशीत तेव्हा घरोघर हेच चालायचं, त्याला कुणी चूक म्हणत नसे. पण मला वाचवणारी जी एकच गोष्ट होती, ती त्या दिवशी चुलीपुढच्या केरात गेली.

पहिला फटका सोनियाच्या आजोबांना बसला. सावळाबाबा अनवाणी उभे होते, भुई नुकतीच सारवलेली. कौतुकानं त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि ते मागच्या मागे फेकले गेले. आठ दिवस त्यांचा हात खांद्यापासून बधिर होता. धनाजी मला उकिरड्यावर टाकायला निघाला. सोनियानं रडून घर डोक्यावर घेतलं.

तेव्हा आजी, अंबाबाई, पुढे आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नजर अशी की कळपातली लंगडी मेंढी लांबून ओळखावी. त्यांनी उलट्या हाताचं बोट मला निसटतं लावलं. मुंग्या आल्या. मग घरच्या लोकरीचं जाड, कोरडं घोंगडं चौघडी करून अंथरलं, त्यावर उभ्या राहिल्या आणि पुन्हा बोट लावलं. काही नाही.

"ऐका रं समदी," त्या म्हणाल्या. "घोंगड्यावर बसल्याबिगर ह्याला कुणी शिवायचं न्हाई. पाय भुईला लागला की खेळ बंद. ह्यो चावतोय."

असं माणसानं वागू नये, हे मलाही कळतं. चावरी वस्तू घरात ठेवूच नये. पण त्या घरानं नियम ठेवला आणि तो सात वर्षं पाळला. पाव्हण्यांची पोरं आली तरी आधी घोंगडं, मग खेळ. सोनिया विमानं पाडायची, सावळाबाबा लांबून "हाण, हाण!" म्हणायचे आणि मी पोटातला दोष विसरून चक्क सुखात असायचो. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ चांगला. पुढे सोनिया मोठी झाली, तिला माझं कौतुक उरलं नाही, आणि मी माळ्यावर पोत्यांमागे गेलो. तिथे धूळ होती, उंदीर होते. वायरीचं कव्हर उंदरांनीही थोडं कुरतडलं.

२००८ साली एका रविवारी अनिमेष आला. मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत कंपनीत नोकरी, राहायला भूगावात. जुने टीव्ही गेम जमवायचा त्याला भारी नाद. डोंगर चढून आल्यावर तो धनाजीकडे चहाला थांबला, गप्पांत विषय निघाला आणि मला खाली आणलं गेलं. मला बघून त्याचे डोळे असे लकाकले की मीच लाजलो.

"पत्र्याची बॉडी? आणि अडॅप्टर आत? असा व्हेरिएंट कुठेच नोंदवलेला नाही!"

धनाजीनं मला देऊन टाकलं. अंबाबाईंनी मागोमाग घोंगडं आणून त्याच्यापुढे धरलं.

"हे बी न्या संगं."

"आजी, घोंगडं कशाला? ते तुम्हाला लागेल."

"घोंगड्याबिगर ह्यो चावतोय. आमचं म्हातारं मरता मरता वाचलंया."

अनिमेष हसला. उद्धटपणे नव्हे, खेड्यातल्या म्हातारीच्या मायेला हसतात तसं. "सांभाळून ठेवीन, आजी," म्हणाला आणि पाया पडून निघाला. घोंगडं ओट्यावरच राहिलं.

त्यानं मला जपलं, मित्रांनो, हे खोटं कसं सांगू? मऊ कापडानं पुसलं. सहा स्क्रू काढून आतल्या प्रत्येक चिपचा नंबर टिपला, भिंगातून फोटो काढले, देशोदेशीच्या शौकिनांना पाठवले. कुणी म्हणालं घरगुती जोडकाम, कुणी म्हणालं शुद्ध बनावट. तो हटला नाही. फक्त वायर जिथून आत येते तिथली पट्टी त्यानं उचकटली नाही. मूळ जोडणी बिघडेल म्हणून.

"आधी ही वायर बदल," त्याची बायको किमया म्हणाली. "पिन तुटलीय, कव्हर कुरतडलंय."

"बदलली की ओरिजिनल राहत नाही. जसा आहे तसाच पाहिजे."

आणि माझ्या बुडावरची लाल फुली? तिच्यापुढे त्यानं वहीत लिहिलं: 'तपासणीत उत्तीर्ण. खास नग.' मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

तो रबरी चपला घालून, फिरत्या खुर्चीत बसून मला चालवायचा. एकदोनदा त्याला झिणझिण्या आल्या, तेव्हा स्वतःशीच म्हणाला, "स्टॅटिक असेल." वर्षभर काही घडलं नाही. वायर मात्र रोज थोडी कापली जात होती.

शोधत शोधत तो घोटावड्याच्या बंद शेडपर्यंत पोचला आणि तिथल्या राखणदाराकडून भऱ्यातल्या कल्पनाबाईंपर्यंत. २००९ च्या एका सकाळी तो त्यांना गाडीतून घरी आणायला गेला. घरी किमया स्वयंपाकघरात होती. कामाच्या रजनीताई फरशी पुसून नुकत्याच गेल्या होत्या. त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीला, मृण्मयीला, वाटलं, कारखान्यातल्या मावशी येण्याआधी बाबाचा गेम लावून ठेवावा. तिनं मला कपाटातून ओढत ओल्या फरशीवर आणलं, पिन लावली, बटण दाबलं आणि अनवाणी उभी राहून माझ्यावर हात ठेवला.

वायर पत्र्याला कधी टेकायची, कधी नाही. त्या दिवशी टेकली.

तिचा हात मला चिकटला. तिला ओरडताही येईना. तेवढ्यात दार उघडलं. अनिमेष तिला धरायला धावला, पण कल्पनाबाईंनी त्याला कोपरानं मागे लोटलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मग मृण्मयी फरशीवर पडली.

ती वाचली. महिनाभर दवाखान्यात होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. तिला पेन्सिल धरता येत नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्या संध्याकाळी अनिमेष कपडे न्यायला घरी आला, तेव्हा कल्पनाबाई माझ्याशेजारी तशाच बसून होत्या. त्यांनी मला उलटं केलं.

"ही फुली माझीच हाय, साहेब. ह्याचा अर्थ पास न्हवं. ह्यो कुणाच्या घरात जाऊ द्यायचा न्हाई, आसा हाय. आन मीच पॅक करून दिला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "ह्याची वायर तोडा. तोडवत नसंल तर निदान लिवा ह्याच्यावर."

अनिमेष हो म्हणाला. पण त्यानं वायर तोडली नाही. आता मी खरोखरच एकमेव ठरलो होतो; बाकीचे दहा केव्हाच भंगारात गेले, हे त्याला कल्पनाबाईंकडूनच कळलं होतं. किमयाला त्यानं सांगितलं की मला भंगारात दिलं, आणि मला गाडीच्या डिकीत लपवलं.

२०१० साली त्यानं मला दूरच्या शहरातल्या एका शौकिनाकडे पाठवायचं ठरवलं. माझ्यासोबत ठेवायला त्यानं कागद लिहिला: साल, गाव, पत्र्याचा डबा, चिपचा नंबर, 'अकरातला शिल्लक एकच'. फुलीपाशी त्याचं पेन अडलं. खरं लिहायचं तर कुणाचा हात भाजला आणि कुणामुळे, तेही लिहावं लागलं असतं. त्यानं दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, 'कारखान्याची खूण', आणि खोकं बंद केलं. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. त्याला लाज वाटली.

म्हणून माझी एवढी विनवणी ऐका. जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा ती किती दुर्मीळ आहे हे मागाहून शोधा. आधी तिच्यासोबत राहिलेल्यांना विचारा की तुम्ही हिला हात कसा लावत होतात. ते जे सांगतील ते हसण्यावारी नेऊ नका, आणि तुमच्या हातून काही वाईट घडलं असेल तर तेही लिहून ठेवा.

आत्ता मी खोक्यात आहे. बाहेर कुणीतरी चिकटपट्टी फाडतंय. कुठलं शहर, कुणाचं घर, काहीच माहीत नाही. फक्त एक बारीक आवाज ऐकू येतोय.

"बाबा, मी लावू?"