पुन्हा म्हणण्यासाठी सोडलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे, इंग्रजी शिकवणारा. गाणी वाजवणाऱ्या माझ्या भावंडांना लोकांनी लग्नांत आणि सहलींत मिरवले. मला बोलक्या इंग्रजीच्या एका वर्गासाठी घेतले गेले, आणि माझ्या वाट्याला वाक्ये आली.

माझी घडण आधी समजून घ्या. माझ्या कॅसेटच्या फितीवर दोन वाटा असतात. एकीवर सरांचा आवाज कायमचा भरलेला असतो. तो पुसता येत नाही. दुसरी वाट विद्यार्थ्याची. सर एक वाक्य म्हणतात आणि थांबतात. त्या रिकाम्या जागेत विद्यार्थ्याने तेच वाक्य म्हणायचे. काळे बटण दाबले की दोघांचे आवाज ऐकू येतात. लाल बटण दाबले की सर बोलतातच, पण विद्यार्थ्याच्या वाटेवर आधी जे असेल ते पुसले जाऊन तेथे नवे भरले जाते. कोणाचे बोट कोणत्या बटणावर पडते, यात माझे मत कोणी विचारत नाही.

माझ्या मुख्य कॅसेटचा विषय होता ‘लुक आफ्टर’. इंग्रजीत क्रियापदाला एखादा चिमुकला शब्द चिकटवतात आणि दोघे मिळून तिसराच अर्थ सांगू लागतात. ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. एकत्र आले की सांभाळणे, काळजी घेणे. सर रोजच्या वापरातली वाक्ये देत. नर्स रुग्णाला सांभाळते. बहीण भावाला सांभाळते. शेजारी मांजराला सांभाळतो. त्या वाक्यांच्या जगात मी पुष्कळ वर्षे काढली आहेत. तेथे आजी आजारी पडते ती वर्तमानकाळासाठी आणि बरी होते ती भूतकाळासाठी. तेथे कोणी कंटाळत नाही, कोणाची पाठ दुखत नाही, आणि सांभाळणाऱ्याला घर सोडून कुठे जायचे नसते. इतके निर्दय सुख मी अन्यत्र ऐकलेले नाही.

वर्ग बंद पडला तेव्हा सरांनी मला त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीला देऊन टाकले. तिला घरी माऊ म्हणत. ती ज्या कारखान्यात खोकी भरत असे, तो बंद झाला होता. परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला बायका हव्या होत्या. अट एकच, तोंडी परीक्षेत इंग्रजी बोलता आले पाहिजे. दोन खोल्यांच्या त्या घरात मला ओट्याच्या कडेला जागा मिळाली. तेथेच तिची आई भाजी निवडत बसे.

“हू लुक्स आफ्टर युवर मदर?” सर विचारत.

“हू लुक्स आफ्टर युवर मदर?” माऊ म्हणे.

“काय म्हणतोय गं तो मेला?”

“आईला कोण सांभाळतं, असं विचारतोय.”

“त्याला काय करायचंय? स्वतःच्या आईचं बघ म्हणावं आधी.”

“आई, गप्प बस ना! भरलं जातंय त्यात.”

“जाऊ दे. त्यालाही कळू दे.”

मग दोघी हसत, आणि ते हसणेही माझ्या फितीत भरले जाई. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणायचे तर एवढेच.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिला तोच प्रश्न विचारला. तू गेल्यावर तुझ्या आईला कोण सांभाळेल? माऊने उत्तर दिले, शेजारीण सांभाळेल. भविष्यकाळ अचूक होता, उच्चार स्वच्छ होते. शेजारच्या काकूंना या वाक्याची कल्पनाही नव्हती. घरी येऊन तिने हे आईला सांगितले तेव्हा आई म्हणाली, “पास झालीस ना? मग झालं तर.” वाक्य निर्दोष असले की ते खरे आहे का, हे विचारायची भाषेच्या परीक्षेत पद्धत नाही.

जाण्यापूर्वी माऊने माझ्या काळ्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा डकवला. आईला मोतीबिंदू होता. बटणे बोटांनीच ओळखावी लागत.

“हा खडबडीत लागला की दाबायचं. मी बोलेन.”

“इंग्रजीत?”

“इंग्रजीत. पण आवाज माझाच ना?”

आई रोज बटण दाबी. सर वाक्य म्हणत, मग माऊ म्हणे, मग आई मान डोलावून म्हणे, “शहाणी गं माझी.” काकूही येत. अधूनमधून का होईना, पण येत. हे मी न्यायाने सांगतो. त्यांनी औषधे आणून दिली, केर काढला, आणि एके दिवशी ओटा पुसताना माझ्याकडे लक्ष गेले तेव्हा म्हणाल्या, “अगंबाई, किती कळकट झालंय हे!” त्यांनी मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि तो मळलेला तुकडा नखाने खरवडून काढला. एवढ्या आस्थेने मला आजवर कोणी पुसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईचे बोट लाल बटणावर पडले.

सर बोलले. ते नेहमीच बोलतात. मग रिकामी जागा आली आणि आई वाट पाहत राहिली. ती वाट पाहत असताना मी तिच्या मुलीचा आवाज पुसत होतो. वाक्यामागून वाक्य पुसले गेले आणि त्या जागी कुकरची शिट्टी, खुर्चीची करकर आणि आईचा श्वास भरला गेला. मला थांबता येत नाही. ओरडावे तर ओरडण्याजोगे माझे स्वतःचे एक अक्षर माझ्यापाशी नाही. मी केवळ दुसऱ्याचे बोलतो.

आई पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. फोनवर तिने तक्रार केली नाही. “रोज ऐकते की तुझा आवाज,” असेच ती सांगे.

माऊ रजेवर आली ती दोन वर्षांनी. दारातच आईने तिचा चेहरा हातांनी चाचपला आणि मग सावकाश म्हणाली, “तू हल्ली त्याच्यात बोलतच नाहीस गं. रुसलीस काय?”

माऊने काळे बटण दाबले.

“हू लुक्स आफ्टर युवर मदर?” सरांनी विचारले.

“माऊ, आज तरी बोल,” रिकाम्या जागेतला आवाज म्हणाला.

“शी लुक्स आफ्टर हर मदर,” सर म्हणाले.

“बरं. उद्या बोल.”

कॅसेट संपेपर्यंत माऊ उभी होती. आईने मात्र नाक मुरडले. “ही कोण बाई गं? किती मागे लागलीये बिचारीच्या!”

आपला भरलेला आवाज माणसाला ओळखू येत नाही. ती बाई म्हणजे तूच, हे माऊने तिला सांगितले नाही.

रजा संपत आली. ती कॅसेट माऊने आपल्या पिशवीत ठेवली आणि माझ्यात नवी घातली. या वेळी तिने मराठीतच आवाज भरला, जागा सोडून सोडून, म्हणजे आईला बोलता येईल. भरून झाल्यावर कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी पट्टी तिने मोडली; ती मोडली की कॅसेट पुसता येत नाही, आता लाल बटण दाबलेच जात नाही. मग ती परक्या म्हाताऱ्यांना सांभाळायला गेली. तिला बोल लावणे मला जमत नाही. त्या घरात दुसरे मिळवणारे कोणी नव्हते.

आता आई रोज बटण दाबते.

“आई, जेवलीस का?” माऊ विचारते.

“नाही गं. उठवतच नाही आज.”

“छान. आता औषध घे.”

“संपलंय ते.”

“शाब्बास! मग पड जरा.”

आई पडते. काकू आता मुलाकडे राहायला गेल्या आहेत.

मित्रांनो, माझ्या जातीच्या निवेदकाने शेवटी आपली निगा राखण्याची विनंती करायची असते. माझी निगा उत्तम आहे. माझ्यावर धुळीचा कण नाही, आई पदराने मला पुसत असते. विनंती तिच्यासाठी आहे. तुमच्या जिन्यावरून जाताना एखाद्या दाराआड कोणी यंत्राला उत्तरे देत असेल, तर दार वाजवा. तिने ‘नाही’ म्हटले की मी ‘छान’ म्हणतो. मला दुसरे काही म्हणता येत नाही, आणि आज सकाळपासून तिने बटण दाबलेले नाही.