सहा नंबरचं पाणी

"सहा नंबरला नदी एकदम सुधारते आणि सातला पुन्हा बिघडते. असं कसं, काका?"

संशोधक बाईंनी टेबलावर आलेख पसरला होता आणि पेन्सिलीचं टोक बरोबर सहाच्या आकड्यावर टेकवलं होतं. काकांनी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"तिथे पाण्याला ओढ आहे, मॅडम. वाहतं पाणी आपोआप निवळतं."

"थोडं निवळतं. पण सातला क्रोमियम सापडतंय. ते कापड रंगवायच्या कारखान्यांतलं. कारखाने सहाच्या वर आहेत. मग सहाला न दिसता ते सातला कुठून उगवतं?"

"मध्ये वस्ती आहे ना. तिचं सांडपाणी..."

"घरातल्या मोरीतून क्रोमियम येत नाही, काका." बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच बोचला. "उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर सहावर येते. शुक्रवारी अहवाल द्यायचाय."

बाई महिन्याभरापूर्वी आल्या होत्या. उगमापासून मुखापर्यंत माणसानं या नदीचं काय करून ठेवलंय, ते मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. शेतं, गावं, कारखाने, सगळंच. नदीवर नमुने घेण्याची नऊ ठिकाणं ठरलेली होती आणि दर महिन्याला त्या नऊ जागांचं पाणी गेली सव्वीस वर्षं एकच माणूस आणत होता. खांद्याला बाटल्यांची पेटी लावून फिरायचा म्हणून सगळे त्याला बाटलीकाका म्हणत. नवख्या माणसाचा या नावानं भलताच समज व्हायचा. काका तर चहाशिवाय कशाला न शिवणारे. त्यांनी एकही महिना चुकवला नव्हता. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या रजिस्टरांवरून हात फिरवत म्हटलं होतं, "असा माणूस मिळणं म्हणजे नशीब." तेव्हा काकांनी ती रजिस्टरं हळूच आपल्याकडे ओढून घेतली होती.

कारण सहा नंबरची खूण पलीकडच्या काठावर होती. कारखान्यांचा नाला त्याच काठाला येऊन मिळायचा आणि खूण त्याच्याही खाली, दगडी खांबावर रंगवलेली. अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात तिथे जायचा साकव वाहून गेला. मोठ्या पुलावरून वळसा घालायचा तर बावीस किलोमीटर. त्या महिन्यात काकांनी अलीकडच्या काठावरून बाटली भरली आणि तेव्हाच्या साहेबांना तसं सांगितलंही. साहेब म्हणाले, "नदी तीच आहे ना? चालतंय. साकव झाला की जा पलीकडे." साकव झाला नाही. साहेब बदलले. नाल्याचं पाणी बराच वेळ पलीकडचा काठ धरूनच वाहतं, अलीकडे येत नाही, हे काकांना दिसत होतं. पण एक महिना गेला, दुसरा गेला, आणि मग सांगायची वेळच टळून गेली.

संध्याकाळी निघताना आताच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या बाईंना नेहमीच्या जागी न्या."

"नेहमीच्या म्हणजे?"

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं तर. "झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. तुमचं दीड वर्ष राहिलंय. माझीही तुमच्या आकड्यांवर सही आहे. जे इतकी वर्षं चाललं ते एका सकाळीत मोडू नका."

घरी आल्यावर काकांनी ताट तसंच बाजूला सारलं. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. सहा आणि सातच्या मधल्या त्या वस्तीतच काकांची थोरली बहीण राहत होती. सहाचा आकडा चांगला, म्हणून वस्तीला नदीचं पाणी नुसतं गाळून, औषध टाकून नळानं मिळायचं. आणि सातचा आकडा वाईट, म्हणून ती घाण वस्तीच्याच माथी मारली जायची. दोनदा नोटिसा लागल्या होत्या. काठावर धुणं धुवायला बंदी झाली होती. आक्का गुडघे धरत धुणं घेऊन लांबच्या विहिरीवर जायची आणि शेजारणींना वर सांगायची, माझा भाऊ या नदीचं पाणी तपासतो, नळाचं पाणी बिनघोर प्या.

सकाळी जीप निघाली. काका ड्रायव्हरच्या शेजारी, बाई मागे. अलीकडच्या काठाचा फाटा आला तसा ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला.

जीप जवळजवळ थांबली. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं.

"सरळ घे," काका म्हणाले. "मोठ्या पुलावरून."

"पलीकडे? तिकडं कशाला? आपण तर..."

"सरळ घे म्हटलं ना."

वळसा घालून पलीकडे पोचायला पाऊण तास लागला.

पलीकडच्या काठावर काटेरी झुडपं माजली होती. काका पुढे झाले, बाई मागून. खांब सापडला, पण त्यावरचा सहाचा आकडा कधीच उडून गेला होता. खाली पाणी काठाशी जांभळट काळं होतं आणि वास असा, की बाईंनी तोंडावर रुमाल धरला. काका गुडघ्यांवर बसले. बाटली तीनदा विसळली, प्रवाहाकडे तोंड करून भरली, अगदी शिकवलेल्या पद्धतीनं. बाईंनी मीटरची कांडी पाण्यात सोडली. विरघळलेला ऑक्सिजन; तो जितका कमी, तितकं पाणी घाण. काकांच्या रजिस्टरात सहाला साडेसहाच्या खाली कधी आलेला नव्हता. मीटरवरचा आकडा उतरत उतरत एक पूर्णांक चारवर थांबला.

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"अकरा वर्षं तुम्ही अलीकडून भरताय?"

"हो."

बाईंनी कांडी पाण्यातून काढली. "तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी वस्तीच्या सांडपाण्यावर आख्खं प्रकरण लिहिलंय. तिथली साठ घरं हलवावीत असं सुचवलंय." त्यांनी मीटरवरचा आकडा वहीत उतरवला. "मला हे लिहावं लागेल, काका. तुमच्या नावासकट."

"लिहा. माझा जबाब मी माझ्या हातानं देतो. फक्त एवढं करा, मला वस्तीपाशी सोडा."

आक्का ओट्यावर शेंगा सोलत होती. भाऊ अवेळी आलेला पाहून तिनं सूप बाजूला सारलं. "काय रे, तोंड का उतरलंय? बरं आहे ना सगळं?"

काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. साकव, अलीकडचा काठ, अकरा वर्षं. आक्काला आकडे कळत नव्हते, पण एवढं कळलं.

"म्हणजे घाण आमची नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि नळाचं पाणी?"

"पिऊ नकोस. उकळूनसुद्धा नको. कारखान्याचं विष उकळून जात नाही."

आक्कानं शेजारच्या दाराकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "शेजारची दोन वर्षं पोट धरून बसलीय. तिला मी सांगायचे, पाण्याला नावं ठेवू नकोस, माझ्या भावानं पाहिलंय ते." तिनं पदरानं हात पुसले. "तू पाहिलं होतंस ना? मग बोलला का नाहीस?"

"भीती वाटली पहिल्यांदा," ते म्हणाले. "नंतर लाज वाटली. मग सवय झाली."

"मला सांगून हलका होऊ नकोस. चल, घरोघर सांग. मी येते बरोबर, पण बोलायचं तू."

त्या दुपारी काकांनी चाळीसेक दारं वाजवली. प्रत्येक दारात तीच चार वाक्यं. कोणी आत बोलावलं, कोणी अर्ध्यातच दार लावलं. एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः कुठलं पाणी पिता?" काकांनी खरं ते सांगितलं, की शहराला दुसऱ्या धरणाचं पाणी येतं. आक्का दर वेळी दोन पावलं मागे उभी राहिली. तिनं भावाची बाजू घेतली नाही आणि त्याला एकटंही सोडलं नाही. पोट धरून बसलेल्या शेजारणीच्या दारात मात्र ती पुढे झाली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

शुक्रवारचा अहवाल दोन आठवडे पुढे गेला. साठ घरं हलवायची सूचना त्यातून गळाली. नळ बंद होऊन टँकर सुरू झाले, नाल्यावर पहिल्यांदाच पंचनामा झाला. साहेब काकांशी बोलेनासे झाले. चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत काकांना नदीवरून काढून भांडारात बसवलं. बाटल्यांची पेटी एका नव्या मुलीकडे गेली.

जुने आकडे पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून रजिस्टरांत तशी नोंद करायचा हुकूम निघाला. लेखनिक म्हणाला, "काका, एकशे बत्तीस पानं आहेत. मी शिक्का करून देतो, तुम्ही नुसती सही ठोका."

"नको," काका म्हणाले. "हातानं लिहिलेलं हातानंच खोडू दे."

तीन दिवस ते भांडारातल्या टेबलाशी बसून होते. सहाच्या आकड्यावर पट्टी धरून आडवी रेघ, शेजारी लाल शाईत ओळ, 'हा नमुना ठरलेल्या जागी घेतलेला नाही', खाली सही आणि तारीख. अक्षर पहिल्या पानासारखंच शेवटपर्यंत वळणदार.

चौथ्या रजिस्टरात एका पानावर त्यांचा हात थांबला. ती तारीख त्यांना पाठ होती. त्या सकाळी बायकोचं ऑपरेशन होतं. मुलीला थिएटरच्या दाराशी बसवून ते नदीवर गेले होते, महिना चुकू नये म्हणून, आणि परत येईपर्यंत बायको शुद्धीवर येऊन दोनदा त्यांचं नाव घेऊन पुन्हा झोपी गेली होती. आकडा स्पष्ट होता: सहा पूर्णांक नऊ.

काकांनी पट्टी सरळ धरली, रेघ मारली, सही केली. शाई वाळेपर्यंत पानावर हात धरून ठेवला आणि मग पान उलटलं.